पनवेलमार्गे काश्मीर

पनवेलला बघण्यासारखं काय आहे, असं विचारणारा माणूस सहसा उत्तरासाठी थांबत नाही. त्याची एस.टी. दहा मिनिटंच थांबणार असते आणि तेवढ्यात त्याला वडा खाऊन पाणी भरून घ्यायचं असतं. कमळाकर उपासनींचे साडू अविनाशराव मात्र हा प्रश्न डोंबिवलीत, स्वतःच्या घरी, स्वतःच्या सोफ्यावर बसून विचारत आणि उत्तराला हवा तेवढा वेळ देत. कमळाकररावांना उत्तर सापडत नाही, हे शांतपणे बघत बसणं ही त्यांची सणासुदीची करमणूक होती.

ब्याण्णव सालच्या संक्रांतीनंतरच्या रविवारी तिळगूळ देऊन, गोड बोलायचं ठरवून जेमतेम मिनिट झालं असेल, तोच त्यांनी तो विचारला. पण या वेळी प्रश्नाला शेपूट होतं. अविनाशरावांच्या समोरचा ब्लॉक विकायला निघाला होता. दाराला दार. वसुंधराबाईंच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे आशालताबाईंनी, मालकाशी परस्पर बोलूनही ठेवलं होतं. पनवेलचं बिऱ्हाड मोडायचं आणि इकडे यायचं, तेवढं फक्त उपासनींनी करायचं होतं.

वसुंधराबाई तयारच होत्या. पनवेलला पाणी एक दिवसाआड येतं, डास रोज येतात आणि माणसं येतच नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. सहा वर्षांत त्यांच्याकडे हळदीकुंकवाला मुंबईहून एकच बाई आली होती, तीही तिची अलिबागची गाडी चुकली म्हणून.

"आपल्याकडे कोणी येत नाही हो," त्या म्हणाल्या. "सगळे आपल्यावरून जातात."

त्या चिडून बोलल्या असत्या तर कमळाकररावांनी उत्तर दिलं असतं. त्या हळू बोलल्या, म्हणून नवऱ्याने तिळगूळ तसाच मुठीत धरला.

कमळाकररावांचा जीव पनवेलमध्ये होता. सकाळी तळ्याला एक फेरी, कचेरीत पायी जाणं, दुपारी घरी येऊन गरम भात आणि पाच मिनिटांची डुलकी, एवढ्यावर त्यांचा जीव रमत असे. तो जीव एक वेळ उचलून डोंबिवलीलाही नेता आला असता. पण तिथे समोरच्या दारात अविनाशराव होते. अविनाशराव ज्याच्याकडे जातील त्याचं वर्तमानपत्र त्याच्याआधी वाचत आणि त्यातलं शब्दकोडं सोडवत, तेही पेनाने. चुकलं तर त्यावरच गिरवत. नात्यातल्या तीन घरांनी त्यांच्यापायी पेपर बंद केला होता. या माणसाच्या दाराला दार लावून उरलेलं आयुष्य काढायचं, या विचाराने कमळाकररावांच्या मुठीतला तिळगूळ विरघळला.

आणि मग त्यांनी उचलली जीभ लावली टाळ्याला. ते म्हणाले, की पनवेलला काय आहे म्हणून काय विचारता? 'इनामदारांचा उंबरा' ही अख्खी मालिका पनवेलमध्ये झाली.

आशालताबाईंच्या हातातली हलव्याची वाटी तिथेच थांबली. 'इनामदारांचा उंबरा' लागायची ते तेरा मंगळवार त्यांनी टीव्हीसमोर पदर भिजवला होता. कुमुद नावाची गरीब घरची सून, तिला कोठीत कोंडणारी सासू बयासाहेब, काश्मीरमधले ते चार सुखाचे दिवस, आणि शेवटी बोटीने निघून गेलेला नवरा. ते सगळं तळकोकणात घडतं, असं मालिकेत दर पाच मिनिटांनी कोणी ना कोणी सांगत असे. ते पनवेलला घडलं असेल, अशी शंकाही कुणाला आली नव्हती. कमळाकरराव म्हणाले, या रविवारी नको, पुढच्याला नको, फेब्रुवारीतल्या पहिल्या रविवारी या. एकेक जागा पायी हिंडवून दाखवतो. त्यानंतरही ताई म्हणाल्या की पनवेलला काही नाही, तर ब्लॉक विकतो आणि समोर राहायला येतो. वसुंधराबाईंनी त्यांना हे वाक्य सगळ्यांसमक्ष पुन्हा एकदा म्हणायला लावलं. लग्न झाल्यापासून नवऱ्याची वाक्यं पक्की करून घ्यायची त्यांची पद्धत होती.

या मालिकेवर कमळाकररावांचा हक्क होता, असं निदान कमळाकररावांचं मत होतं. शूटिंगवाले पनवेलला आले तेव्हा त्यांनी चौदा दिवस हक्काची रजा खर्चून त्यांना जागा दाखवल्या होत्या, खुर्च्या दिल्या होत्या आणि घरची चादर दिली होती. चादर परत आली नाही. सातव्या भागात बाजाराच्या दृश्यात त्यांचा डावा कोपर पाऊण सेकंद दिसतो. तो बघायला त्यांनी कचेरीतल्या अकरा जणांना घरी बोलावलं होतं आणि नेमकी वीज गेली होती. मालिकेच्या शेवटी नावं येतात त्यात 'सहकार्य : पनवेलचे नागरिक' असं होतं. पनवेलची लोकसंख्या तेव्हा काही हजारांत होती, पण ते नागरिक म्हणजे आपणच, याबद्दल कमळाकररावांना तिळमात्र संशय नव्हता.

खरं तर चौघांनी जायचं, चार-पाच जागा बघायच्या आणि दुपारी घरी येऊन श्रीखंड खायचं, एवढाच बेत होता. पण वसुंधराबाईंनी ही गोष्ट सोसायटीच्या नळावर सांगितली. 'सद्भावना' सोसायटीत नळावर सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत सेक्रेटरी सत्यजीत देवस्थळींकडे पोचते आणि रात्रीपर्यंत तिचा ठराव होतो. देवस्थळींच्या मागे एक विवंचना होती. उपासनींच्या समोरचा नऊ नंबरचा ब्लॉक दोन वर्षं रिकामा पडून होता आणि त्याची किल्ली जानव्यासारखी सदैव त्यांच्या अंगावर असे. सोसायटीचं नाव कशानेही झालं तर तो ब्लॉक खपेल, या आशेवर त्यांनी भजनी मंडळ आणि मधमाशीपालन करून पाहिलं होतं. त्यांनी फळ्यावर सूचना लावली : 'टीव्ही मालिकेच्या जागांची पायी सहल. मार्गदर्शक : श्री. उपासनी. सभासदांनी नावे द्यावीत.' पाहुणे धरून एकतीस नावं आली. त्यांतल्या निम्म्यांनी मालिका पाहिली नव्हती, पण फुकट हिंडवतात म्हटल्यावर ती अडचण नव्हती.

मग सल्ले सुरू झाले. एकाने सांगितलं, कर्णा हवा. दुसऱ्याने सांगितलं, कर्णा असेल तर मी येणार नाही. तिसऱ्याने सांगितलं की मार्गदर्शकाच्या हातात निशाण असावं, म्हणजे माणसं चुकत नाहीत. हे सगळ्यांना पटलं आणि निशाणाच्या रंगावर दीड तास चर्चा झाली. ज्या ज्या रंगाचं नाव निघालं तो तो रंग कुठल्या ना कुठल्या पक्षाने आधीच नेलेला निघाला. उरला कमळाकररावांचा आंघोळीचा चौकटीचा टॉवेल. त्याला कुणीच हरकत घेतली नाही, कारण त्या टॉवेलमागे कोणी जाईल असं कुणालाच वाटत नव्हतं.

एवढ्यावर भागलं असतं, पण देवस्थळींच्या मनात आलं की एकतीस माणसं निशाणामागे रस्त्याने चालणार म्हणजे परवानगी लागेल. न विचारता गेले असते तर कुणी विचारलं नसतं. पण कमळाकरराव स्वतः सरकारी नोकर. विचारल्याशिवाय काही करणं त्यांच्या रक्तात नव्हतं. ते पोलीस ठाण्यात अर्ज घेऊन गेले. अर्जावर छापलेलं होतं, 'मोर्चा / मिरवणूक / वरात / अंत्ययात्रा. नको ते खोडावे.' कमळाकररावांनी चारही खोडले. टेबलामागच्या गृहस्थांनी चष्म्यावरून बघितलं आणि सांगितलं, की तीन खोडता येतात, चार खोडता येत नाहीत. कमळाकररावांनी सहल म्हणजे काय ते सांगितलं. गृहस्थांनी ते सहानुभूतीने ऐकलं आणि मोर्चा लिहा म्हणाले, फक्त मागण्या जोडा. मागणी काहीच नव्हती. मिरवणुकीला देव लागत होता. अंत्ययात्रेला दाखला लागत होता. वरातीला काहीच लागत नव्हतं. तेव्हा शासनाच्या दप्तरी 'वरात' अशी नोंद झाली, आणि खाली 'उपस्थिती एकतीस, वाद्ये नाहीत' असा शेरा पडला. पंचवीस वर्षं लोकांचे अर्ज याच पद्धतीने निकालात काढलेल्या कमळाकररावांना त्यात काही वावगं दिसलं नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण ती खवखव पुढे व्हायची होती.

रविवारी सकाळी आठ वाजता आशालताबाई ठेवणीतली साडी नेसून आणि अविनाशराव पांढराशुभ्र सफारी घालून हजर झाले. सोसायटीच्या फाटकात एकतीस माणसं, काठीला बांधलेला टॉवेल आणि एक हवालदार उभा होता. हवालदार काशिराम बंदोबस्तासाठी आले होते आणि नवरदेव कुठे आहे, असं सगळ्यांना विचारत होते. कमळाकररावांनी त्यांना बाजूला घेऊन समजावलं. काशिराम म्हणाले, की साहेब, कागदावर वरात आहे, तर मी वरातच पोचवणार. नवरदेव तुमचा तुम्ही बघून घ्या.

पहिली जागा लांब नव्हती. ती सोसायटीचा जिनाच होता. मालिकेतलं मुंबईचं मोठं हॉस्पिटल म्हणजे 'सद्भावना'चा पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यामधला जिना. कुमुदला तिथून स्ट्रेचरवर नेलं होतं आणि तिच्या अंगावर जी चादर होती ती उपासनींची होती. सभासदांनी आपला रोजचा जिना नव्याने बघितला. एका आजींनी पायरीला हातही लावला. अविनाशरावांनी खिशातून कागद काढला, पेनाने 'जिना' असं लिहिलं आणि पुढे फुली मारली.

दुसरी जागा इनामदारांचा वाडा. ही बाजारामागची बंद पडलेली भाताची गिरणी होती. दर्शनी भिंतीला नक्षीचे सहा खांब लावल्यावर तिचा वाडा झाला होता. आता खांब नव्हते. गिरणीच्या मालकाने दात कोरत सांगितलं, की ते थर्माकोलचे होते आणि उंदरांनी खाल्ले. आशालताबाई बराच वेळ त्या भिंतीकडे बघत राहिल्या. ज्या खांबाला टेकून कुमुद रडली त्याच खांबाला मिठी मारून आपणही एकदा रडावं, असं त्यांनी डोंबिवलीहून ठरवून आणलं होतं. दुसरी फुली पडली.

तिसरी जागा समुद्र. कमळाकररावांनी सगळ्यांना तळ्यावर आणलं. कॅमेरावाला काठावर पालथा पडला होता आणि त्याने फक्त पाणी घेतलं होतं, म्हणून तो समुद्र दिसला, असं त्यांनी सांगितलं. शिवाय स्वतः पालथं पडून दाखवलं. अविनाशरावांनी विचारलं, की समुद्रात कमळं असतात का. देवस्थळींनी सोसायटीच्या बाजूने सांगितलं की असू शकतात. तिसरी फुली मारताना अविनाशरावांनी कागद वसुंधराबाईंना दिसेल असा धरला होता. कमळाकरराव पँटची माती झटकत होते. आपण हात दाखवून अवलक्षण केलंय, हे त्यांना कळून चुकलं होतं, पण टॉवेल त्यांच्या हातात होता आणि माणसं मागून येत होती.

चौथ्या जागेसाठी मोठा रस्ता ओलांडायचा होता. न्हावा शेव्याचं बंदर सुरू झाल्यापासून तो रस्ता ओलांडणं ही सहल राहिलेली नव्हती. एकामागून एक कंटेनरचे ट्रेलर चाललेले, दोहोंच्या मध्ये माणूस सोडा, कुत्रंही जाईना. सोळा जण पलीकडे गेले आणि पंधरा अलीकडे राहिले. तेव्हा हवालदार काशिराम रस्त्याच्या मधोमध उभे राहिले आणि त्यांनी वरातीसाठी वाहतूक थांबवली. मागे ट्रेलरांची रांग लागली. पहिल्या ट्रेलरवाल्याने खाली वाकून वरात बघितली. बायका, म्हातारे, टॉवेल, आणि त्यांच्यात पांढऱ्या कपड्यांतला एकच माणूस. त्याने अविनाशरावांना हात जोडून मुबारकबाद दिली आणि एवढा उशीर का केलात, असं आपुलकीने विचारलं. एकोणतीस माणसं हसली. आशालताबाई हसल्या नाहीत आणि अविनाशरावांनी रस्त्याच्या कडेला उभ्या उभ्या चौथी फुली आगाऊ मारून टाकली.

रस्त्यापलीकडे मिठागरं होती. बांधांवर हंगामातल्या पहिल्या मिठाच्या लहान लहान राशी घातलेल्या. कमळाकररावांनी टॉवेल उंच धरला आणि शक्य तेवढ्या थाटात सांगितलं, की हे काश्मीर.

काश्मीरचा भाग सगळ्यांत गाजलेला. त्यात कुमुद आणि तिचा नवरा पांढऱ्याशुभ्र डोंगरांत हातात हात घालून हिंडतात, एकमेकांवर बर्फ उडवतात. तो भाग बघून आशालताबाईंनी लग्नानंतर अठ्ठावीस वर्षांनी नवऱ्याकडे पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं. आपण एकदा काश्मीरला जाऊ या का, एवढंच. अविनाशरावांनी रजा शिल्लक नाही म्हणून सांगितलं होतं आणि मग बाईंनी तो विषय पुन्हा काढला नव्हता. आता त्या खाली वाकल्या, राशीतली चिमूट उचलून त्यांनी जिभेवर ठेवली आणि बांधावर बसून राहिल्या.

"मीठच आहे," त्या म्हणाल्या.

अविनाशरावांनी पेन काढलं होतं, ते त्यांनी परत खिशात ठेवलं. वसुंधराबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग असता तर बरं झालं असतं. पण पडदे कुठले न्यायचे आणि कुठले टाकायचे, हे मनात मोजणाऱ्या बाईसारख्या त्या बघत होत्या. कमळाकररावांना आपलं तळं, दुपारचा भात आणि पाच मिनिटांची डुलकी एकदम आठवली. पनवेल हातचं गेलं होतं. उरली होती एकच जागा.

ती जागा म्हणजे मिठागरांच्या पलीकडची पाच घरांची वाडी, आणि त्यातलं कमळाबाईंचं घर. वाड्याची दर्शनी भिंत गिरणीची होती, पण बयासाहेबांचं आतलं घर ते हेच. सारवलेलं अंगण, लाकडी खांबांची ओटी आणि ओटीला लागून ती कोठी. मालिकेत खरं म्हणावं असं एवढंच होतं. कमळाकररावांनी येणार म्हणून आधी कळवलं नव्हतं. टीव्हीवर झळकलेल्या घराची माणसं पाहुण्यांना बघून हरखून जातील, अशी त्यांची समजूत होती.

कमळाबाई अंगणात वालाच्या शेंगा निवडत बसल्या होत्या. पन्नाशी उलटलेली, काटक, मिठागरात काम करून पाय फुटलेले. एकतीस माणसं अंगणात शिरली आणि सरळ कोठीकडे बोटं दाखवायला लागली. मिठाची चव अजून जिभेवर असलेल्या आशालताबाईंना बोलायला कुणीतरी हवंच होतं. त्या कमळाबाईंपुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, की पोटच्या पोरीसारखी सून, तिला याच कोठीत उपाशी कोंडताना तुमच्या जिवाला काहीच कसं वाटलं नाही?

कमळाबाईंनी सूप खाली ठेवलं. त्या काही बोलायच्या आत हवालदार काशिरामांनी कर्तव्य म्हणून कागद उलगडला आणि खणखणीत आवाजात वाचून दाखवलं, की ही वरात आहे, परवानगी घेऊन आलेली आहे, कुणी अडथळा आणू नये. वरात हा शब्द ऐकून उरलेल्या चार घरांतली माणसं बाहेर आली. घरातून कमळाबाईंचा मुलगा महादेव बनियनवर धावत आला आणि एवढी माणसं बघून परत आत शर्ट घालायला गेला.

"वरात?" कमळाबाईंनी विचारलं. "आमच्या दारात? नवरी कुटं हाय?"

कमळाबाईंची नजर टॉवेलवरून काठीवर आणि काठीवरून कमळाकररावांवर आली.

"तुमीच नं ते? त्या शूटिंगवाल्यांना आमचं घर तुमीच दावलंत. दोन वर्सं झाली. चार सोयरिकी आल्या नि चार मोडल्या. माजा म्हादेव बंदरात परमनंट हाय, दारू नाय, बिडी नाय. पोरीचा बाप येतो, घर बघतो नि उलट्या पावली जातो. बोलतो, या घरात सुनेला कोंडतात, आमी टीवीवर बघितलंय. मी बोलली, अरं बाबा, ती बाई येगली, ती मुंबैची हाय. तर बोलतो, बाई येगली आसंल, घर तर ह्येच हाय."

कमळाकररावांना जमीन दुभंगावी असं वाटलं. पण ती सारवलेली होती आणि चांगली टणक होती. रजा खर्चून, घरची चादर देऊन, कोपर पुढे करून आपण हे कमावलं होतं. त्यांना मनापासून लाज वाटली.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "त्यांनी चांगलं घर मागितलं होतं. मी पनवेलमधलं सगळ्यांत चांगलं दाखवलं. त्यात ते काय करणार, ते मी विचारलंच नाही."

हे बोलताना त्यांनी टॉवेल खाली घेतला. आशालताबाई मात्र तिथे नव्हत्या. त्या कोठीत गेल्या होत्या. थोड्या वेळाने बाहेर आल्या त्या दाराच्या फळीवरून हात फिरवत.

"हिला कडी कुठे आहे?" त्यांनी विचारलं. "त्या बयासाहेब बाहेरून कडी लावायच्या ती?"

"ती त्यांनी आनली व्हती, जाताना काडून घेऊन गेले," कमळाबाई म्हणाल्या. "आमच्या कोठीला कडी कशाला? घरात चोर नाय."

दारावर खिळ्यांची चार भोकं तेवढी होती. आत कोठीत भाताच्या कणग्या होत्या आणि एका कोपऱ्यात, स्वच्छ फडक्याखाली, नवी गोधडी, नवी ट्रंक आणि हिरव्या बांगड्यांचा डबा. येणाऱ्या सुनेसाठी दोन वर्षं मांडून ठेवलेलं. आशालताबाईंनी ते फडकं उचलून बघितलं होतं. तो त्यांचा स्वभावच होता. त्यांच्या डोळ्यांना धार लागली, आणि या वेळी ती मंगळवारची नव्हती.

रडून झाल्यावर त्या कामाला लागल्या. आशालताबाई म्हणजे साधी बाई नव्हे. त्यांनी आजवर नात्यात नऊ लग्नं जुळवली होती आणि त्यांतली सात त्या अजून येऊन-जाऊन टिकवत होत्या. डोंबिवलीत त्यांची इमारत ज्यांच्या जमिनीवर उभी आहे ते मूळ मालक कमळाबाईंच्याच समाजाचे. त्या मालकांची मुलगी रंजिता बारावी झालेली, हाताला चांगली, उंचीने महादेवाला शोभणारी. महादेवाला ओटीच्या खांबाजवळ उभं करून त्यांनी उंचीचा अंदाजही घेतला. पोरीच्या बापाने टीव्हीचं नाव काढलं तर मी सांगेन, त्या म्हणाल्या, की मी स्वतः कोठीत जाऊन आलेय, तिला कडीच नाही. हवालदार काशिरामांनी हे ऐकून समाधानाने कागदाची घडी घातली. वरातीचं आता काहीतरी होईल, असं त्यांना दिसू लागलं होतं.

पाहुण्यांना तसं सोडणं कमळाबाईंच्या रीतीत नव्हतं. महादेवाने मडकं आणलं, आत भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, वांगी भरली, वरून मीठ घातलं आणि मडकं उपडं घालून भोवती गवत पेटवलं. याला पोपटी म्हणतात, असं कमळाकररावांनी सांगितलं. पण मार्गदर्शकाचं ऐकायला कुणी मोकळं नव्हतं. मडकं फुंकर घालत उघडलं तेव्हा त्या वासाने अविनाशराव सफारी विसरून अंगणात मांडी घालून बसले. पहिल्या खेपेला त्यांनी शेंगा मोजून खाल्ल्या. तिसऱ्या खेपेला सालं टाकायला काही हवं म्हणून त्यांनी खिशातला फुल्यांचा कागद पसरला. हे मीठ कुठलं, असं त्यांनी विचारलं. महादेवाने हात करून मघाच्या राशी दाखवल्या. अविनाशरावांनी बोट चाटलं आणि काश्मीर चांगलं आहे म्हणाले. आशालताबाईंनी नवऱ्याकडे बघितलं आणि आज पहिल्यांदाच त्या हसल्या.

निघताना वसुंधराबाईंनी बहिणीला विचारलंच. वाक्य पक्कं केलेलं होतं, निकाल लागायला हवा होता. कमळाकरराव टॉवेलच्या चौकटी मोजत उभे होते.

"बघण्यासारखं काही नाही गं पनवेलला," आशालताबाई म्हणाल्या. कमळाकररावांची मोजणी चुकली. "पण तू जायचं नाहीस इथून. आता मलाच सारखं यावं लागणार. बोलणी आहेत, साखरपुडा आहे, लग्न आहे, मग ती नवी पोर रुळेपर्यंत लक्ष ठेवायला हवं. तू डोंबिवलीला आलीस तर मी उतरू कुठे?"

कमळाकररावांना एवढा आनंद झाला की त्यांनी टॉवेलने डोळे पुसले. पनवेल राहिलं, ब्लॉक राहिला, तळं राहिलं. त्या आनंदात ते दहा पावलं पुढे निघून गेले, म्हणून मागे देवस्थळी अविनाशरावांच्या शेजारून चालताना काय बोलत होते, ते त्यांच्या कानावर आलं नाही. अविनाशरावांची निवृत्ती सहा महिन्यांवर आली होती. पोटात पोपटी होती. आणि देवस्थळींच्या अंगावर किल्ली होती.

मे महिन्यात महादेवाचं लग्न झालं. वरातीच्या परवानगीला कमळाकरराव स्वतः गेले आणि त्यांनी अर्जातले नको ते तीन शब्द न अडखळता खोडले. टेबलामागच्या गृहस्थांनी ओळख दाखवून विचारलं, की पुन्हा वरात? या खेपेला नवरदेव होता, नवरी होती, बाजा होता, आणि हवालदार काशिरामांनी मोठ्या रस्त्यावर ट्रेलर थांबवले तेव्हा ट्रेलरवाल्यांनी भोंगे वाजवले, कारण पहिल्या ट्रेलरवर महादेवाचाच दोस्त होता. नव्या सुनेने कमळाबाईंच्या कोठीत पहिल्याच दिवशी आतून कडी लावून घेतली, अशी तक्रार मात्र पुढे आशालताबाईंकडे आली. तिला कपडे बदलायचे होते. कडी तिने माहेरून आणली होती.

ऑगस्टमधल्या एका सकाळी कमळाकरराव तळ्याची फेरी मारून आले, चहा घेतला आणि पेपर कुठे आहे म्हणून विचारलं. वसुंधराबाई गुणगुणत पोहे परतत होत्या, चार माणसांचे. त्यांनी पळीने समोर दाखवलं. नऊ नंबरच्या दारावर नवी पाटी होती आणि दार सताड उघडं होतं. आत, डोंबिवलीहून आलेल्या त्याच सोफ्यावर, अविनाशराव पेपर मांडीवर घेऊन बसले होते. शब्दकोडं अर्धं झालं होतं.

"ये कमळाकर," ते पेनाचं टोपण दातात धरून म्हणाले. "आडवा सात सांग. पाच अक्षरं आहेत आणि मी चार लिहिली आहेत."

कमळाकररावांनी मागे वळून बायकोकडे बघितलं. सहा वर्षांत त्यांनी तिला सकाळी गुणगुणताना ऐकलं नव्हतं. ते समोर गेले, सोफ्यावर बसले आणि आडवा सात बघू लागले. पनवेलला माणसं यायला लागली होती.